कुलूप लावलं का?

"घरात कुठलं केमिकल वापरता का?"

हा प्रश्न मला तीन डॉक्टरांनी विचारला आणि तिघांनाही मी ठासून "नाही" म्हणून सांगितलं. एकाला तर वर ऐकवलंसुद्धा, "आमच्याकडे फिनेलपण येत नाही. मी राखेनं भांडी घासणाऱ्या बाईची मुलगी आहे." मी खोटं बोलत नव्हते. माझ्या समजुतीप्रमाणे आमच्या घरात केमिकल नव्हतंच. आमच्या घरात होतं ते कुलूप.

त्या एका शब्दापायी मी पाच महिने दम्यानं बेजार झाले आणि चार दिवस हॉस्पिटलात काढले. नवऱ्याशी भांडले ते वेगळंच. आता बरी आहे. हे लिहितेय ते एवढ्यासाठी, की तुमच्याही घरात असा एखादा लाडका शब्द असेल आणि त्याच्या मागे काय दडलंय ते तुम्ही विसरला असाल.

मनमाडचं क्वार्टर

माझे वडील रेल्वेत होते. मनमाडच्या क्वार्टरमध्ये मी लहानाची मोठी झाले. वडिलांचा पगार बेताचा, म्हणून आईनं सरबतं करून विकायला सुरुवात केली. हिरव्या द्राक्षांचं, लिंबू-आल्याचं, मोसंबीचं आणि जांभळाचं. द्राक्षं नाशकाकडून यायची. मनमाडला पाणी कधी येईल याचा नेम नसे, त्यामुळे बाटल्या धुणं म्हणजे मोठं काम. एका बादलीत सगळ्या बाटल्या धुवायच्या आणि तेच पाणी शेवटी तुळशीला. मला अजून नळ सोडून भांडी घासणारं माणूस दिसलं की राहवत नाही, बोलतेच.

सरबत टिकावं म्हणून आई त्यात एक पांढरी पूड घालायची. तिचं खरं नाव पोटॅशियम मेटाबायसल्फाइट. वर्गात शिकल्यासारखं आई ते एका दमात म्हणून दाखवायची. पण गिऱ्हाइकासमोर हे नाव घेतलं की बायका विचारायच्या, "औषध घालता का हो?" आणि बाटली खाली ठेवायच्या.

यावर तोडगा काढला शकीलाखालानं. ती शेजारच्या क्वार्टरमधली, तिचे मियाँ रेल्वेत फिटर. आईच्या जोडीनं द्राक्षं निवडायची, गाळायची. ती म्हणाली, "भाभी, ये तो ताला है. बोतल को ताला लगाया, बस. चोर अंदर नहीं आता." चोर म्हणजे बुरशी आणि आंबणं. दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरात तिचं नाव कुलूप पडलं. "कुलूप लावलं का?" असं आई गाळणीवरूनच ओरडायची आणि गिऱ्हाईक बिचारं दाराकडे बघायचं.

त्या पुडीचा वास काडी पेटवून विझवल्यावर येतो तसा. कोरडी असताना गुमान पडून असते. आंबट रसात पडली की जागी होते आणि नाकात झिणझिण्या आणते. सफरचंदाची फोड तिच्या पाण्यात बुडवून ठेवली तर काळी पडत नाही. एकदा मी लिंबू पिळून त्या पाण्यात लाल जास्वंद बुडवली, तर फुलाचा रंग उतरत उतरत पार फिका झाला. मला वाटलं मी जादूगार झाले. आईला वाटलं मी दोन चमचे कुलूप वाया घालवलं. पाठीत धपाटा मिळाला.

रंग खाते म्हणून जांभळाच्या सरबताला ती पूड चालत नसे, जांभूळ फिकं पडायचं. त्याला आई दुसरी पूड घालायची. तिला आम्ही "कडी" म्हणायचो. द्राक्षाला कुलूप, जांभळाला कडी. हे नीट लक्षात ठेवा, माझा जीव पुढे याच्यावरच अडला होता.

काडीचा तो विझलेला वास म्हणजे माझ्यासाठी उन्हाळ्याची सुट्टी. आईच्या बोटांना तोच वास यायचा. ती वेणी घालायची तेव्हा तो माझ्या केसांत उतरायचा. आजही कुणी काडी विझवली की मला आई आठवते.

शेवटच्या बाटल्या

वडील गेल्यावर आई आमच्याकडे नाशकात, इंदिरानगरला राहायला आली. ऐंशी ओलांडली तरी द्राक्षं आली की तिचे हात शिवशिवायचे. मग दर फाल्गुनात माझ्या ओट्याशी स्टुलावर बसून ती हुकूम सोडायची आणि मी हमाली करायचे.

तिच्या शेवटच्या फाल्गुनात आम्ही द्राक्षाच्या सहा बाटल्या केल्या. ती फार विसरायला लागली होती. त्या दिवशी तिनं मला तीनदा विचारलं, "कुलूप लावलं का गं?" दोनदा मी सांगितलं. तिसऱ्यांदा माझं डोकं फिरलं. तेवढ्यात गॅसवाला आला, बेल वाजली, आणि मी काही न बोलता दार उघडायला गेले. जूनमध्ये जांभळाच्या पाच बाटल्या झाल्या. श्रावणात आई गेली.

मागे राहिल्या त्या अकरा बाटल्या. प्रत्येकीवर तिच्या वाकड्या अक्षरात चिठ्ठी, "द्राक्ष, कुलूप" नाहीतर "जांभूळ, कडी".

चार वाजताचा दम

आमच्याकडे चार वाजता चहा नाही, सरबत असतं. ती आईची पद्धत. ती गेल्यावरही मी सोडली नाही. मोहन, म्हणजे माझे यजमान, ओझरच्या विमान कारखान्यातून रिटायर झालेले. मुलगी मुग्धा इथेच नोकरीला आहे, शनिवार-रविवार घरी असते. आम्ही मिळून सरबत प्यायचो. काटकसरीनं, बोटभर सरबत आणि वर पाणी.

गणपतीच्या आसपास पहिल्यांदा छाती आवळली. त्याआधी तीन वर्षांपूर्वी मोठा खोकला झाला होता, तेव्हापासून माझी छाती थोडी नाजूक होतीच. पंप पर्समध्ये असायचा, पण लागायचा क्वचित. आता मात्र आठवड्यात दोनदा, कधी तीनदा. सरबत झालं, पेले विसळले, आईच्या खुर्चीकडे नजर गेली, की पंधरा-वीस मिनिटांत घशाखाली कुणीतरी बोळा कोंबल्यासारखं व्हायचं. खोकला, शिट्टी, घाम. श्वास आत जायचा, बाहेर यायला तयार नसायचा.

ज्याला दम लागतो त्यालाच ती भीती कळते. दुखणं सोसता येतं. हवा नसणं सोसता येत नाही. त्या क्षणी मला मुलगी नको, नवरा नको, देव नको, फक्त एक श्वास हवा असायचा. आणि मग तो आला की लाज वाटायची, की मी किती पटकन सगळ्यांना सोडून दिलं.

डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. धूळ नको, उदबत्ती नको, मांजर नको. मांजर आमच्याकडे कधी नव्हतंच. उशा बदलल्या, पडदे काढले. घर धर्मशाळेसारखं दिसायला लागलं. फरक शून्य. सरबतावर कुणाचाच संशय नव्हता, कारण तेच सरबत मोहन आणि मुग्धाही पीत होते आणि दोघं ठणठणीत होते.

मग घरात एक नवीनच निदान सुरू झालं.

"आईची आठवण आली की तुला होतं," मोहन म्हणाले. "त्या खुर्चीकडे बघतेस आणि सुरू होतं. मी पाहिलंय."

"म्हणजे मी नाटक करते?"

"नाटक कोण म्हणालं? मनाचं असतं काही काही."

मुग्धानं हळूच एका समुपदेशक बाईंचा नंबर पुढे सरकवला. मी तो फ्रीजवर लावला आणि दोन दिवस दोघांशी बोलले नाही. पण खरं सांगते, आतून मलाही पटायला लागलं होतं. चार वाजले की आई आठवायची आणि चार वाजले की दम लागायचा. मोहननी माझ्या नकळत आईची खुर्ची माळ्यावर टाकली. त्या दिवशी मी पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडून रडले, आणि नेमका त्याच दिवशी दम लागला नाही. त्या दिवशी आम्ही जांभळाचं सरबत प्यायलो होतो. कुणाच्या लक्षात यावं?

खाट नंबर सात

जानेवारीत एका दुपारी पंपानं भागेना. ओठ निळे पडलेत असं मुग्धा म्हणाली आणि मोहननी गाडी काढली. पुढचं मला तुटक आठवतं. तोंडावर मास्क, त्यातून येणारी गार वाफ, आणि "बोलू नका आजी" म्हणणारी नर्स. एकोणसाठाव्या वर्षी मला आजी म्हटलेलं मी दम लागलेला असतानाही ऐकलं.

चार दिवस वॉर्डात होते. पहाटे रक्त घ्यायला यायचे, मग चहा, मग लादी पुसणं, मग वाफ, मग डॉक्टर, परत वाफ. शेजारच्या खाटेवर सटाण्याकडची एक बाई होती, भाजीपाला करणारी. पहिल्याच दिवशी तिनं माझ्याकडे बघून अहिराणीत विचारलं, "दम शे का ताई तुले?" मी मान हलवली. तिनं आपल्या सुनेला खूण केली आणि स्वतःकडची उशी माझ्या पाठीशी लावायला सांगितली. "उठीसन बैस, निजू नको," म्हणाली. ती एक उशी मी कधी विसरणार नाही. डॉक्टरांच्या सगळ्या औषधांआधी मला तिनं टेकवलं.

तिसऱ्या दिवशी मी बरीच सुधारले. छातीच्या डॉक्टरीणबाई, तरुण आणि तुटक बोलणाऱ्या, म्हणाल्या, उद्या सोडू. मुग्धा भेटायला येणार होती. मी तिला फोनवर सांगितलं, "इथला चहा म्हणजे कोमट गाळ आहे. आजीचं सरबत आण थोडं. द्राक्षाचं."

लेकीनं ते प्रेमानं थर्मासमधून आणलं. झाकण उघडल्यावर काडी विझल्याचा वास आला आणि मला मनमाडचं क्वार्टर दिसलं. मी दोन घोट घेतले. तिसरा घेणार तोवर छाती आवळली.

धावपळ झाली. मास्क लागला. अर्ध्या तासानं मी बोलण्याजोगी झाले तेव्हा डॉक्टरीणबाई खाटेशी उभ्या होत्या आणि माझ्याकडे नाही, थर्मासकडे बघत होत्या.

"हे काय आहे?"

"काही नाही हो, आईचं सरबत. घरचं आहे."

"काय काय असतं त्यात?"

"द्राक्षं, साखर, थोडं लिंबू आणि कुलूप," मी म्हणाले.

"आणि काय?"

पन्नास वर्षांत मला त्या शब्दाचा अर्थ कुणाला सांगावा लागला नव्हता. मी अडखळत ते लांबलचक नाव म्हटलं, आईच्याच चालीत, एका दमात. दम होता तेवढ्यात.

डॉक्टरीणबाईंनी थर्मास हुंगला, चटकन नाक मागे घेतलं आणि शांतपणे विचारलं, "हे न घातलेलं एखादं सरबत घरात आहे? ते प्यायल्यावर त्रास होतो?"

"जांभळाला कडी असते," मी म्हणाले. आणि मग तीही फोड करून सांगावी लागली. मुग्धा मध्येच म्हणाली, "जांभळाच्या दिवशी आईला कधीच झालं नाही." ती हे म्हणाली आणि तिचं तिलाच रडू आलं. थर्मास तिनं आणला होता ना.

मोहन पायथ्याशी उभे होते. त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. कारखान्यात प्लेटिंगचं, म्हणजे धातूच्या मुलाम्याचं, जे विषारी पाणी निघायचं, ते बाहेर सोडण्याआधी विष मारायला त्यात याच पुडीचा सख्खा भाऊ, सोडियमवाला, पोत्यानं ओतायचे. मोहननी सगळी नोकरी ते बघण्यात घालवली. डॉक्टरांनी घरी केमिकल आणता का विचारलं तेव्हा छाती फुगवून म्हणाले होते, "कारखान्याचा धूळकणसुद्धा घरी आणला नाही." आणि घरात तेच, बाटलीवर आईच्या अक्षरात. काखेत कळसा म्हणतात तो हा.

"म्हणजे मनाचं नव्हतं," ते हळूच म्हणाले.

"जांभूळ पितानाही आईच आठवायची मला," मी म्हणाले. मला त्या क्षणी इतकं बरं वाटलं, की आजाराचं नाव ऐकून कुणाला एवढा आनंद झाला नसेल.

काय सांभाळायचं

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं ते साध्या शब्दांत असं. ही पूड वाईट नाही, बहुतेकांना ती काही करत नाही. पण दम्याच्या मोजक्या लोकांना तिच्यातून निघणारा वायू सोसत नाही. आयुष्यभर सोसला आणि एका मोठ्या आजारानंतर सोसेनासा झाला, असंही होतं. मी त्यातली एक.

मग कळलं की कुलूप जगभर लागलेलं आहे. पिवळेधमक बेदाणे, नारिंगी जर्दाळू, वाइन, काही तयार आलं-लसूण पेस्ट, बाटलीतले रस. पाकिटावर बारीक अक्षरात २२० ते २२८ मधला आकडा किंवा सल्फाइट असा शब्द दिसला की मी ठेवून देते. नाशकात राहून बेदाणा सोडणं म्हणजे काय ते नाशिककरच जाणे. तुम्हाला दम असेल तर घाबरून सगळं टाकू नका, आपल्या डॉक्टरांना विचारा. फक्त विचारतील तेव्हा घरचं म्हणून काही वगळू नका. मी वगळलं.

घरी आल्यावर मोहननी पहिलं काम काय करायला घ्यावं? द्राक्षाची उरलेली एक बाटली मोरीत ओतायला निघाले.

"हात लावू नका तिला."

"सुनंदा, तिनं तुझा जीव घेतला असता."

"तिनं नाही. आणि आईचं हे शेवटचं आहे."

आमचं कडाक्याचं भांडण झालं. बरोबर तेच होते, आणि मी ऐकणार नव्हते. शेवटी तोड निघाली. बाटली कपाटावर, बूच मेण लावून बंद, आणि आईच्या वर्षश्राद्धाला ती फोडायची. बाकीच्यांनी प्यायची, मी नाही.

दो ताले

श्रावणात वर्षश्राद्ध झालं. जेवणं आटपल्यावर चार वाजता शकीलाखाला आली, मनमाडहून सुनेला घेऊन. आता वाकली आहे, पण जीभ तशीच. मी सगळी हकिकत सांगितली. तिनं कपाळावर हात मारला. "मैंने नाम रखा था उसका. मेरी ही गलती."

मी गॅलरीत जाऊन बसले, दार लावून. काचेतून बघत होते. मोहननी बूच काढलं, चार पेले भरले. मला वास येणं शक्य नव्हतं, तरी मला तो आला. मुग्धा प्यायली आणि तिनं डोळे मिटले. माझ्या आईचं शेवटचं सरबत घरातले सगळे पीत होते आणि मी काचेबाहेर हातावर हात ठेवून बसले होते. मला फार हेवा वाटला. वाटला ते लिहितेय, लपवत नाही.

शकीलाखालानं एक घोट घेतला, तोंडात घोळवला, आणि तिच्या कपाळाला आठी पडली. परत घेतला. मग पेला ठेवून गॅलरीत आली.

"सुनू, इसमें दो ताले हैं."

"म्हणजे?"

"भाभीचं माप मला ठाऊक आहे. तीस साल साथ में काम केलं. हे डबल आहे. दोनदा लावलंय कुणीतरी."

मला गॅसवाला आठवला. बेल आठवली. स्टुलावर बसलेली आई, हातात चमचा, माझ्या उत्तराची वाट बघणारी. मी लावलं होतं. तिनं तिसऱ्यांदा विचारलं. मी बोलले नाही. नाही लावलं असं समजून तिनं लावलं.

"लावलं" एवढा एकच शब्द होता. वैतागून का होईना, मी म्हणायला हवा होता. डॉक्टरीणबाईंना मी नंतर विचारलं. त्या म्हणाल्या, एका मापानंही तुम्हाला त्रास झालाच असता, दोन मापांनी जास्त झाला. त्यांनी समजूत काढली असेल किंवा खरं असेल. मी त्या दिवशी खालाच्या मांडीवर डोकं ठेवून रडले आणि दम लागला नाही. ती केसांवरून हात फिरवत म्हणत राहिली, "भूलती थी बेचारी. बूढ़े लोग भूलते हैं. तू क्या करती."

या फाल्गुनात

आता परत द्राक्षं आली आहेत. परवा मी दोन किलो हिरवी द्राक्षं आणली. पाण्याच्या थेंबाचा हिशेब ठेवत धुतली, उकळली, गाळली. साखर, लिंबू. फ्रीजमध्ये दोन दिवस टिकतं, तिसऱ्या दिवशी बुडबुडे यायला लागतात. म्हणून थोडंच करते आणि शेजारीपाजारी वाटून टाकते. मोहननी खुर्ची माळ्यावरून काढून पुन्हा ओट्याशी ठेवली आहे. पुसूनसुद्धा ठेवली.

चार वाजता मी पेला भरला. काडीचा वास नव्हता, नुसता द्राक्षांचा होता. चव जवळपास तीच, थोडी भोळी. सवयीनं हात फडताळाकडे गेला, जिथे ती डबी असायची, आणि मला स्पष्ट ऐकू आलं, "कुलूप लावलं का गं?"

या वेळी मी उत्तर दिलं.

"नाही लावलं, आई. आजच पिऊन टाकू."